मुंगी न लागणारा डबा

आमच्या घरात तेलाला मुंग्या लागत नसत. शेजारच्या घरांत लाल मुंग्यांच्या रांगा भिंतीच्या कडेनं निघायच्या आणि थेट तेलाच्या बाटलीपर्यंत पोचायच्या. बाटलीला चिंधीचं बूच असायचं, ते मुंग्यांनी भरून जायचं. आमच्याकडे मात्र तेलाची जागा लख्ख. मायला याचा फार अभिमान होता. कुणी बाई टेकायला आली की ती कोनाड्याकडे बोट करायची, "बघा की, मुंगी बी शिवत न्हाई." बाया कौतुकानं बघायच्या आणि असला एक डबा आपल्याही घरात यावा म्हणून हळहळायच्या. ते कौतुक आठवलं की मला आजही संताप येतो. कुणाचा, ते मात्र इतक्या वर्षांत नीट ठरवता आलेलं नाही.

आमचं गाव परभणी तालुक्यातलं, बाजाराला झरीला जाणारं. मी तिसरीत होते. मोठा दुष्काळ सरून दोनएक वर्षं झाली असतील. वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालानं कामाला होते. तेव्हा हायब्रीडची कपाशी नवी नवी आली होती. तिच्यावर अळी पडली की मालक परभणीहून फवारणीच्या औषधाचे पत्र्याचे डबे आणायचे. फवारणी संपली की रिकामे डबे गडीमाणसांना वाटले जायचे आणि त्यासाठी रुसवेफुगवे व्हायचे. डबा खरंच देखणा असायचा. जाड पत्रा, कुठे गळणं नाही, आट्यांचं घट्ट झाकण. ज्यांच्या घरात सगळी भांडी मातीची आणि हलक्या जर्मन धातूची, त्यांना तो डबा म्हणजे दागिनाच होता.

दादांना दोन डबे मिळाले. मालक त्यांच्या कामावर खूश होते त्याची ती पावती. दादा दोन हातांत दोन डबे घेऊन गावातून घरी आले ते मुद्दाम लांबच्या वाटेनं, चार लोकांनी बघावं म्हणून.

माय आणि आत्यानं ते डबे राखेनं घासले, चिंच लावून घासले, आधणाचं पाणी ओतून विसळले, उन्हात पालथे घातले, पुन्हा घासले. त्यांच्या स्वच्छतेत कुणी खोट काढू नये. वास गेला की नाही ते आळीपाळीनं नाक लावून बघितलं. डब्यावर बाहेरून एक चित्र छापलेलं होतं, कवटी आणि तिच्याखाली फुली मारल्यासारखी दोन हाडं. बाकीची सगळी अक्षरं इंग्रजी. मायला तेव्हा दिवस गेलेले होते. आत्या म्हणाली, "पोटुशी बाईच्या घरात हे हाडकाचं ध्यान कशाला? काढून टाक." मग मायनं विटकरीचा तुकडा घेतला आणि दोन्ही डब्यांवरचं चित्र खरवडून खरवडून काढलं. पत्रा पांढरा निघेपर्यंत ती थांबली नाही. आम्हाला सावध करणारी एवढी एकच गोष्ट त्या डब्यावर होती, ती आम्ही अपशकुनी म्हणून पुसून टाकली.

एका डब्यात करडीचं तेल गेलं. दुसऱ्याचं वरचं तोंड दादांनी छिन्नीनं कापून काढलं, कडा ठोकून बसवल्या. मायला त्यात मीठ ठेवायचं होतं, पण मीठ पत्रा खातं म्हणून तो रिकामाच कोपऱ्यात पडून राहिला.

उन्हाळ्यात माझा भाऊ जन्मला. माझ्यानंतर मायची दोन लेकरं जगली नव्हती, त्यामुळे हा जगावा म्हणून सगळं घर श्वास धरून होतं. त्याला न्हाऊमाखू घालायचं काम आत्याचं. आत्या म्हणजे दादांची थोरली बहीण. पेडगावला दिलेली, नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, म्हणून माहेरी परत आलेली. तोंडाची फटकळ. गावात कुणाला सोडायची नाही. पण लेकरू न्हाऊ घालावं तर तिनंच. आमच्या वस्तीतली बाळंतघरं तिच्या नावानं हाका मारायची. ती न्हाणीच्या दगडावर बसून पाय लांब करायची, लेकराला नडग्यांवर पालथं घालायची आणि तेल जिरवायला लागायची. ज्या घरचं लेकरू त्या घरचं तेल, असा तिचा नेम. आमच्या लेकराला अर्थातच आमच्या डब्यातलं.

आधी अंगाला तेल, मग टाळू भरायची. लहान लेकराची टाळू मऊ असते, आतून धडधडते. आत्या तळहाताची वाटी करून तीत तेल घ्यायची आणि ते टाळूवर हळूहळू मुरू द्यायची. रोज सकाळी आणि पुन्हा दिवे लागायच्या आधी. "पी रं माझ्या राजा, पी," असं ती त्या टाळूशी बोलायची. परक्यांच्या लेकरांना ती पळीभरच तेल वापरायची. आमच्या लेकराला तिनं कधी हात आखडला नाही. घरातल्या भाजीला फोडणी नसली तरी चालेल, टाळू कोरडी राहता कामा नये.

श्रावणात लेकराला पहिली आकडी आली. डोळे वर गेले, मुठी आवळल्या, ओठ काळेनिळे झाले. मायनं हंबरडा फोडला. आत्यानं कांदा फोडून नाकाशी धरला. थोड्या वेळानं ते शांत झालं आणि झोपून गेलं. सगळ्यांना वाटलं, गेलं संकट. पण पुन्हा आली, आणि मग येतच राहिली. झरीच्या दवाखान्यात नेलं, तिथून लाल औषधाची बाटली मिळाली. ती संपली तरी फरक नाही.

वस्तीतल्या बाया म्हणाल्या, बाहेरचं आहे. आत्यालाही आतून तसंच वाटत होतं. ती दादांना म्हणाली, "एकडाव भगताला दाखवून तर बघू. लेकरू कसं करायलंय, तुला दिसंना का?"

दादा कधी चढ्या आवाजात बोलायचे नाहीत. पण त्या दिवशी बोलले. "आपण सोडलंय ते सगळं. अंगारा न्हाई, धुपारा न्हाई, दोरा न्हाई. माज्या घरात भूतबित काय न्हाई." भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिच्याकडे बघून ते म्हणाले. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव त्यांनी टोपल्यात घालून नदीत सोडले होते. ती गोष्ट दादा आम्हाला पुन्हा पुन्हा सांगायचे. आत्यानं पुन्हा भगताचं नाव काढलं नाही. पण त्या दिवसापासून तिनं टाळूवर तेल वाढवलं. अंगारा लावता येत नाही तर निदान तेल तरी. मेंदूला थंडावा मिळेल, झटके थांबतील, असं तिचं साधं गणित.

लेकरू बाळसं धरेना, मान धरेना. आईबापांचं एकमेकांशी बोलणं बंद झाल्यासारखं झालं. मी शाळेतून आले की आधी दारातून कानोसा घ्यायची. रडण्याचा आवाज आला की बरं वाटायचं, कारण रडतंय म्हणजे आहे.

त्या वर्षी शाळेला नवे गुरुजी आले होते, पालमकडचे. कोवळे होते, मिशाही नीट फुटलेल्या नव्हत्या. आधीचे गुरुजी पुस्तक उघडायचे आणि आम्हाला वाचायला लावून पेंगायचे. हे उभे राहून शिकवायचे, एवढ्यानंच आम्ही चाट पडलो होतो. पोळा झाल्यावर कीटकांचा धडा आला. गुरुजींनी फळ्यावर एक मुंगळा काढला. तो रेड्याएवढा मोठा होता. डोकं, छाती, पोट, सहा पाय आणि दोन मिशा असं आमच्याकडून घोकून घेतलं. मग म्हणाले, "पुस्तकातला किडा मेलेला असतो. उद्या प्रत्येकानं एकेक जिता किडा आणायचा."

दुसऱ्या दिवशी शाळेत जो गोंधळ झाला तो विचारू नका. नाकतोडे उड्या मारत होते, भुंगे घोंघावत होते. एकानं कोळी आणला, गुरुजींनी त्याचे पाय मोजायला लावले, आठ निघाले, कोळी बाद. एकीनं गोगलगाय आणली, तिला पायच नाहीत, तीही बाद. एक महाभाग पैसा किडा घेऊन आला, तो शंभर पायांचा, वेटोळं करून बसणारा. गुरुजींनी त्याला शिक्षा म्हणून त्याचे सगळे पाय मोजायला बसवलं. मी त्या दिवशी पोट दुखेस्तोवर हसले. घरी हसायची सोय नव्हती, म्हणून जरा जास्तच हसले असेन.

मग गुरुजींनी खरं काम सांगितलं. शाळेमागे रुईची झाडं होती. त्यांच्या पानांवर काळ्या, पिवळ्या, पांढऱ्या पट्ट्यांच्या गुबगुबीत अळ्या असायच्या. प्रत्येकानं एक अळी पाळायची. रोज ताजं पान द्यायचं, वर फडकं बांधायचं, आणि तिचं काय होतं ते बघायचं. "हिचं फुलपाखरू होणार," गुरुजी म्हणाले. आमच्यातल्या कुणाचाही विश्वास बसला नाही. अळी म्हणजे अळी. ती कपाशी खाते आणि औषध मारलं की मरते, एवढंच आम्हाला माहीत.

पोरांनी घरून भांडी आणली. कुणी फुटकं गाडगं, कुणी कंदिलाची तडकलेली काच दोन्हीकडून फडकं बांधून, कुणी चहाचा कप कान मोडलेला. मी मायला विचारून कोपऱ्यातला तो तोंड कापलेला डबा नेला. सगळ्यांत चांगलं भांडं माझं होतं. पत्रा अजून चकाकत होता. मी तो खिडकीत सगळ्यांच्या मधोमध ठेवला आणि वर आत्याच्या जुन्या लुगड्याचा तुकडा बांधला.

दुसऱ्या दिवशी माझी अळी मेलेली होती. काळी पडली होती आणि तिच्या तोंडाशी हिरवं पाणी आलं होतं. बाकी सगळ्यांच्या अळ्या कुरूकुरू पानं खात होत्या. "भूक लागली असंल तिला," पोरं म्हणाली. मी पान दिलं होतं, ते जवळजवळ तसंच होतं. गुरुजी म्हणाले, "फडकं जाड असेल, हवा लागली नसेल. दुसरी आण." मी पातळ फडकं बांधलं, दुसरी अळी आणली. ती पानाच्या कडेनं थोडं चालली, मग डब्याच्या तळाला उतरली आणि तिथे वळवळायला लागली. अंग आवळायची, सोडायची, पुन्हा आवळायची. पोरं भोवती जमून बघत होती. मला ते बघवेना. मी ते कुठेतरी बघितलं होतं. घरी बघितलं होतं. पण तिसरीतल्या पोरीला असलं काही जुळवता येत नाही, मी फक्त उठले आणि बाहेर जाऊन बसले.

इकडे बाकीच्यांच्या अळ्या वर चढून उलट्या लटकल्या, कोष झाल्या. हिरवे, काचेच्या मण्यासारखे कोष. मला सगळे चिडवू लागले. "हिच्या हाताला यश न्हाई," एक पोरगी म्हणाली. हे मी बायांच्या तोंडून मायबद्दल ऐकलं होतं, लेकरं जगत नाहीत म्हणून. मी तिच्या झिंज्या धरल्या. गुरुजींनी आम्हाला सोडवलं आणि भांडण कशावरून ते विचारलं. मी रडत रडत सांगितलं की माझ्या अळ्या जगत नाहीत.

गुरुजींनी माझा डबा उचलला. आत नाक घातलं, उजेडाला धरून फिरवला. तळाच्या जोडात बोट घालून ते हुंगलं. मग बाहेर गेले आणि दारातल्या मुंगळ्यांच्या रांगेतून काडीवर चार मुंगळे घेऊन डब्यात सोडले. आम्ही सगळे डोकी घालून बघत होतो. मुंगळे तळाशी इकडे तिकडे पळाले, मग त्यांची चाल बिघडली, एकमेकांवर धडकले, आणि एकेक करून पाय वर झाले. गुरुजींनी दुसऱ्या पोराच्या गाडग्यात तसेच मुंगळे सोडले. ते गाडग्याच्या काठावर चढून निघून गेले.

गुरुजी माझ्यासमोर उकिडवे बसले.

"हा डबा कशाचा गं?"

"फवारणीच्या औषधाचा. मालकानं दिलेला. पण आमी लय घासलाय गुरुजी."

"ह्याच्यावर चित्र होतं का? हाडकाचं?"

"होतं. मायनं घासून काढलं."

गुरुजींनी डबा खाली ठेवला. मग हळूच विचारलं, "असला आणखी हाय का घरी?"

"हाय. त्यात तेल ठिवतो."

"भाजीला?"

"कधी कधी. बाळाला लावायला. आत्या रोज टाळू भरती."

गुरुजी उठले ते तसेच, फळा पुसला नाही, हजेरी मिटली नाही. वर्ग एका मोठ्या पोराच्या हवाली केला आणि माझा हात धरून निघाले. मला वाटलं, मला मार बसणार. गुरुजी झपझप चालत होते, मला पळावं लागत होतं. आमच्या वस्तीकडे त्यांच्या आधीचे गुरुजी कधी फिरकले नव्हते, त्यामुळे लोक दारात येऊन बघू लागले.

माय आणि दादा शेतावर होते. घरात आत्या आणि लेकरू. ती दाराशी त्याला मांडीवर घेऊन बसली होती. सकाळचंच न्हाणं झालेलं, टाळू तेलानं चकाकत होती. गुरुजींनी आधी कोनाड्यातला डबा बघितला, खरवडलेल्या जागेवर अंगठा फिरवला. मग आत्याला सांगितलं. सावकाश, साध्या शब्दांत सांगितलं. हे विष आहे, घासून जात नाही, जोडात राहतं, तेलात उतरतं, तेलातून कातडीत जातं, आणि आकडी त्याचीच आहे.

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. मग हसलीच. "काय म्हणायलाव गुरुजी? अवो, ह्या तेलाला मुंगी बी शिवत न्हाई, इतकं चोख हाय."

"म्हणूनच सांगतो, आत्याबाई. मुंगीला कळतंय."

आत्याचं हसू तोंडावरच राहिलं आणि डोळे बदलले. इतकी वर्षं झाली, पण तो चेहरा मला अजून पुसता आलेला नाही. पदराचं टोक घेऊन तिनं लेकराची टाळू पुसायला सुरुवात केली. हळूहळू पुसत होती, मग जोरानं. लेकरू रडायला लागलं. तरी पुसतच होती. शेवटी गुरुजींनी तिचा हात धरला. त्या काळात परक्या बाईचा हात कुणी धरत नसे, पण धरला. "साबणानं धुवा," ते म्हणाले, "आणि आजच परभणीला न्यायचं."

दादांना शेतातून बोलावलं. ते आले, ऐकलं, आणि डब्यासमोर खाली बसले. माझ्या बापानं घरात देव ठेवले नव्हते, भूत मानलं नव्हतं, भगताला उंबरा ओलांडू दिला नव्हता. आणि लांबच्या वाटेनं, चार लोकांना दाखवत, हे स्वतःच्या हातानं घरात आणलं होतं. त्या दिवशी ते एवढंच म्हणाले, "मालकानं खुशीनं दिलं हो." तक्रार नव्हती त्यात. त्यांना खरंच कळत नव्हतं.

गुरुजी आणि दादा लेकराला घेऊन एसटीनं परभणीला गेले, माय पाठोपाठ चालत फाट्यावर पोचली आणि तीही सोबत गेली. मोठ्या दवाखान्यात कितीतरी दिवस काढले. डॉक्टर म्हणाले, थांबवलंत ते बरं केलंत, झालेलं नुकसान किती ते लेकरू मोठं झाल्यावरच कळेल. घरी मी आणि आत्या दोघीच. तिनं त्या दिवसांत चूल पेटवली नाही. शेजारणींनी दिलेली भाकरी ती मला खाऊ घालायची आणि स्वतः पाणी पिऊन बसायची. मी तिच्या कुशीत शिरायला गेले तर ती हात आखडून घ्यायची. शेणानं भरलेले हात धुवायच्या आधी लेकराला जसं शिवत नाहीत, तसं. मी फार घाबरले होते. मला वाटायचं, हीसुद्धा मरणार.

शाळेत त्या दिवसांत फुलपाखरं बाहेर आली. पोरांनी मला सांगितलं की कोष आधी काचेसारखा पारदर्शी होतो, आतले नारिंगी पंख दिसतात, मग तो फुटतो. गुरुजी परत आल्यावर सगळी फुलपाखरं मैदानात सोडली. मी तेव्हा घरी आत्यापाशी होते. अळीचं फुलपाखरू होताना मी आजतागायत बघितलेलं नाही. बघायची इच्छाही उरली नाही.

दादांनी दोन्ही डबे दगडानं चेपले आणि गायरानात खोल खड्डा करून पुरले. गुरुजी घरोघर फिरून असले डबे टाकून द्या म्हणून सांगत होते. काहींनी टाकले. काहींनी मान डोलावली आणि डबा आतल्या खोलीत सरकवला. मालक म्हणाले, आमच्याकडं बी तसलेच डबे हायत, त्यात आमी रॉकेल ठिवतो, कुणाला काय झालं? दादांनी त्यांचं साल पुरं केलं आणि पुढच्या वर्षी दुसरीकडे काम धरलं.

दिवाळीपर्यंत आकडी जवळजवळ थांबली. लेकरानं मान धरली, उशिरा का होईना. घरात पुन्हा बोलणी सुरू झाली. माय म्हणायची, बघा, झालं की बरं. ते बसायला लागलं, मग खूप उशिरा चालायला लागलं, मग आम्ही बोलायची वाट बघू लागलो. वस्तीतली त्याच्याएवढी पोरं शाळेत गेली. गुरुजींची तोवर बदली झाली होती. नव्या गुरुजींनी त्याला थोडे दिवस बसवून घेतलं आणि मग दादांना सांगितलं, याला घरीच ठेवा. त्या दिवशी माय रडली नाही. तिला बहुतेक आधीच कळलं होतं.

आत्यानं पुन्हा कुणाचं लेकरू न्हाऊ घातलं नाही. बोलवणी यायची. बाळंतिणीची सासू स्वतः दारात यायची, साडीचोळी देते म्हणायची. आत्या आतूनच सांगायची, "माजे हात आता त्या कामाचे न्हाईत." लोकांना वाटलं, हिला ताठा आला. तिनं लोकांना काही समजावलं नाही. तिचं फटकळ बोलणंही गेलं, आणि ते गेल्याचं मला सगळ्यांत जास्त वाईट वाटायचं. माझ्या भावाला मात्र तिनं कुणाला शिवू दिलं नाही. त्याला भरवणं, धुणं, निजवणं सगळं तीच करायची, पण त्याच्या डोक्याला तेल लावायची नाही. ते मायनं लावायचं. आणि त्याआधी आत्या एक गोष्ट करायची. नवं तेल घरात आलं की त्याचा एक थेंब ती उंबऱ्यावर टाकायची आणि तिथेच गुडघ्यावर हनुवटी टेकून बसायची. मुंगी यायची, थेंबाला तोंड लावायची, परत जायची, आणि तिच्या मागून आणखी यायच्या. ती जिती परत गेली हे बघितल्याशिवाय आत्या उठत नसे. मग मायला म्हणायची, "लाव आता." माय चिडायची, म्हणायची, दुकानातलं बाटलीतलं तेल आहे, त्याला काय होतंय. आत्या ऐकून घ्यायची आणि पुढच्या वेळी पुन्हा उंबऱ्यावर बसायची.

ती गेली तेव्हा माझा भाऊ चांगला मिसरूड फुटलेला झाला होता. ती कुठे गेली ते तो खूप दिवस विचारत होता.

आता माय नाही, दादाही नाहीत. मी परभणीला कचेरीत नोकरी केली, निवृत्त झाले, भाऊ माझ्याकडेच असतो. त्याचे केस पांढरे झालेत. त्याला थोडे शब्द येतात, तेवढ्यात आमचं भागतं. तेल आता पिशवीतून येतं, त्यावर सगळं छापलेलं असतं आणि मला ते वाचताही येतं. तरी नवी पिशवी फोडली की मी आधी दाराच्या पायरीवर एक थेंब टाकते. भाऊ लगेच येऊन शेजारी बसतो. त्याला हा खेळ वाटतो, आत्यानं शिकवलेला. का ते त्याला माहीत नाही आणि मी कधी सांगितलेलं नाही. कीटकांबद्दल तो आयुष्यात एवढंच शिकला. कधी मुंगी पटकन येते, कधी गारठ्यात अर्धी सकाळ जाते. तो कंटाळत नाही, मीही उठत नाही. मग फरशीच्या फटीतून एक निघते, थेंबापाशी थांबते, परत फिरते, आणि तो टाळी वाजवून ओरडतो, "आली, आली!" आणि डोकं माझ्यापुढे वाकवतो.